तंबोऱ्याचा भोपळा : भीमेच्या मळ्यातून मिरजेच्या गल्लीत

शिरोली एमआयडीसीच्या तोंडाशी पुणे–बंगळूर महामार्गाला सांगलीचा रस्ता फुटतो. त्या फाट्याच्या आसपासच्या फाउंड्र्यांत वाळूच्या साच्यांमध्ये वितळलेले लोखंड ओतले जाते आणि हजारावा नग पहिल्यासारखाच निघतो. याच रस्त्याने हातकणंगले, जयसिंगपूर मागे टाकत सुमारे ४५ किलोमीटर गेले की मिरज येते. तेथील एका जुन्या धंद्याचा मुख्य भाग मात्र कोणत्याच साच्यात ओतता येत नाही. तो वेलीवरच वाढावा लागतो. तो भाग म्हणजे तंबोऱ्याचा भोपळा.

आधी नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. आज बाजारात भोपळा मागितला की बहुधा तांबडा, फोडीवर विकला जाणारा भोपळा पुढे येतो. तो मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील ओआखाका खोऱ्यातल्या गुहेत त्याच्या गोताची सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची बियाणी सापडली आहेत. कोलंबसाच्या सफरीनंतर अमेरिकेतली पिके जगभर फिरली, तेव्हाच तो हिंदुस्थानकडे वळू शकला. म्हणजे यादवांच्या मुदपाकखान्यात तांबड्या भोपळ्याची भाजी रांधणारी कादंबरी कोणी लिहिली, तर ती खुशाल बाजूला ठेवावी.

मराठी मुलखाचा जुना भोपळा वेगळा. संस्कृतात त्याला अलाबु किंवा तुंब म्हणतात. दुध्या हा त्याचाच खाण्याचा प्रकार. हा वेल मूळचा आफ्रिकेचा. सुकलेले फळ पाण्यावर महिनोन्महिने तरंगते आणि आतले बी जिवंत राहते. अटलांटिक महासागर ओलांडून ते अमेरिकेत वाहत गेले असावे, असा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मांडला आहे. माणसानेही या तरंगण्याचा उपयोग केला. नदी पोहून जाण्यासाठी सुके भोपळे जोडीने बांधत. त्याला सांगड म्हणत. ‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आता कचेरीतल्या टिपणांतही सुखाने नांदतो. महाभारतात सगर राजाच्या ६०,००० पुत्रांचा जन्म एका अलाबूच्या बियांतून झाल्याची कथा आहे. परीक्षेत ‘भोपळा मिळाला’ म्हणताना मात्र आपण त्याच्या पोकळपणाचीच आठवण ठेवली.

त्याच पोकळपणाने संगीतात मान मिळवला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री आणि किन्नरी या वीणांना जोडलेल्या तुंब्यांचे वर्णन येते. दक्षिणेत तंजावरच्या कारागिरांनी पुढे फणसाचे लाकूड कोरून तंबोऱ्याचे पोट घडवले. महाराष्ट्र आणि उत्तर हिंदुस्थान भोपळ्यावरच राहिले.

मिरजेची परंपरा त्या मानाने अलीकडची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. १८१८ नंतर लढाया थांबल्या आणि तलवारींचे काम आटले. पटवर्धनांच्या संस्थानात गवई-वादकांची ये-जा होती. त्यांची मोडकी वाद्ये दुरुस्त करता करता फरीदसाहेब शिकलगार नवी वाद्ये घडवू लागले, असे परंपरा सांगते. त्यांच्या वंशजांतील अनेकांचे आडनावच पुढे ‘सतारमेकर’ झाले.

काळही अनुकूल आला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते; त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँ होते. अब्दुल करीमखाँ मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये तेथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. संगीत दरबारातून शाळेत आणि शाळेतून मध्यमवर्गीय घरात आले, तसतसा तंबोराही घरोघर लागू लागला. प्रत्येक तंबोऱ्याला एक भोपळा.

हा भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, भीमेच्या काठच्या पंढरपूर–मंगळवेढा भागातून. पुरुषांच्या तंबोऱ्याला परिघाने ५० इंचांच्या आसपासचे फळ लागते. असे फळ आपोआप येत नाही. याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा आधीपासूनच दिसतो, पण परागीभवन चुकले तर तो पिवळा पडून गळतो. वेलीवर फळे मोजकीच ठेवली, तर त्यांना पोसण्याची ताकद मिळते. जमिनीशी लागलेला भाग ओलीने कुजतो, म्हणून खाली कोरडे गवत लागते. फळ कलते राहिले तर एका अंगाने चपटते, आणि चपटलेल्या पोटाचा तंबोरा कोणी घेत नाही. दुध्या कोवळा असतानाच तोडतात. हा भोपळा वेल वाळेपर्यंत शेतातच राहतो. कवच टणक होऊन टिचकीला खणखणीत वाजू लागले, की तो उतरवायचा आणि आणखी काही महिने सुकू द्यायचा. एवढ्या काळात एक अवकाळी पाऊस पुरे.

परदेशातील महाभोपळ्यांच्या स्पर्धांशी याची तुलना करण्यासारखी आहे. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात १,२४७ किलोंच्या भोपळ्याने तेव्हाचा जागतिक विक्रम केला. तेथे काट्यावरचा आकडा हेच सर्वस्व. स्वतःच्या भाराने फळ बसके झाले तरी चालते. मिरजेत नेमके उलटे. वजन निघून गेल्यावर जे उरते, त्याची किंमत होते.

मिरजेत भोपळा पाण्यात भिजवून नरम करतात, कापतात, आतला गर खरवडून काढतात आणि तोंड हवे तेवढे रुंद राहावे म्हणून आत काठ्या ताणून पुन्हा वाळवतात. मग तुनाच्या लाकडाचा गळा, दांडी, वर तबली, घोडी आणि शेवटी जवारी. कारागीर लाकूड पाहिजे त्या मापाचे कापू शकतो. भोपळ्यापुढे मात्र त्यालाच जुळवून घ्यावे लागते. पोट पाहून पुढचे माप ठरते. त्यामुळे एकाच हाताचे दोन तंबोरेसुद्धा जुळे नसतात.

या साखळीचे दुखणे शेताच्या टोकाला आहे. मोठ्या, जाड कवचाचा हा भोपळा खायच्या कामाचा नाही. गिऱ्हाईक मुख्यतः वाद्य करणारेच. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि भीमेकाठी उसाला पाणी मिळाले. कारखान्याकडे जाणारा ऊस आणि एका गल्लीवर अवलंबून असलेला भोपळा यांत शेतकरी काय निवडेल, हे सांगायला नको. दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आणि आता तर तो मोबाइलमध्येही वाजतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने मिरजेच्या नावाचे रक्षण होईल. भोपळा मात्र दुसऱ्या जिल्ह्यात पिकतो.

बियाण्याचा प्रश्न तर त्याहून नाजूक. जवळपास दुध्याचा वेल असेल तर पतंग दोन्हींचे पराग मिसळतात आणि पुढच्या पिढीत आकार बिघडतो. म्हणून जात शुद्ध ठेवायची, तर वेल दूर लावावे लागतात किंवा संध्याकाळी हाताने परागीभवन करून फूल बांधून ठेवावे लागते. आणि पुढच्या वर्षी ५० इंची फळ हवे असेल, तर यंदाच्या ५० इंची फळांपैकी एखादे न विकता बियांसाठी मळ्यातच फोडावे लागते.