जवसाचे तेल आणि चिंध्या

जवस म्हटले की आपल्याला चटणी आठवते. त्याचेच तेल क्रिकेटच्या बॅटीला लावतात. सुतारही रंध्याला, हातोडीच्या दांड्याला, कामाच्या बाकाला ते चोळत आले आहेत. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन लाकडातच घट्ट होते. या क्रियेत उष्णता निघते. फळीवरची उष्णता हवेत जाते, पण तेलकट चिंध्यांचा ढीग केला की ती आतच कोंडते आणि काडी न ओढताही ढीग पेटतो.

२३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री फिलाडेल्फियातल्या ३८ मजली वन मेरिडियन प्लाझात हेच झाले. लाकूडकामाला तेल लावून झाल्यावर चिंध्या २२व्या मजल्यावर तशाच राहिल्या होत्या. आग १८ तासांहून जास्त चालली. अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. ३०व्या मजल्यावर पाण्याचे स्वयंचलित फवारे होते, तिथे ती अडली. पुढे १९९९ मध्ये इमारतच पाडून टाकली.

तेलाचा दोष नाही. जो गुण लाकूड राखतो, तोच चिंधी पेटवतो. म्हणून नातवंडांच्या बॅटीला तेल लावाल तेव्हा चिंधी चुरगाळून टाकू नका. बाहेर उलगडून वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.