गाडीची वर्दी

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाड येथे झाला, तेव्हा बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली गाडी सुटण्यास अद्याप अकरा वर्षांचा अवकाश होता, आणि गोदा-कादवांच्या खोऱ्यातील या गावास दिवसाचे मान सूर्योदयापासून मोजण्याची, घटिकापात्र फक्त मुहूर्तापुरते मांडण्याची आणि एरवी 'दिवस कासराभर वर आला' एवढ्यावर व्यवहार भागविण्याची सवय होती. अशा गावी वेळ चुकणे म्हणजे काय, हा प्रश्नच सहसा उद्भवत नसे. तो लोहमार्गाने उत्पन्न केला. आणि प्रवासी गाडीच्या वेळेविषयी जी वर्दी लोकांस दिली जाते ती चुकते कशी, व चुकल्यावर दुरुस्त कोण करतो, याचा इतिहास निफाडसारख्या मधल्या स्थानकावर जितका स्पष्ट दिसतो तितका मोठ्या शहरात दिसत नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग 1860 नंतरच्या दशकात या भागात आला, 1865 मध्ये थळघाटाची चढण बांधून पुरी झाली, आणि मुंबई व निफाड ही एकाच वेळापत्रकाच्या हुकमतीखाली आली. परंतु ते वेळापत्रक कोणत्या वेळेचे? 1870 पासून देशभरच्या रेल्वेने मद्रासची वेळ मुक्रर केली. ती ग्रिनिचच्या 5 तास 21 मिनिटे पुढे, मुंबईची 4 तास 51 मिनिटे पुढे; आणि निफाडचे रेखांश सुमारे 74 अंश 7 कला असल्याने तेथील सूर्याची वेळ 4 तास 56 मिनिटांच्या आसपास पडते. म्हणजे वेळापत्रकात दुपारचे बारा छापलेली गाडी निफाडच्या माथ्यावर सूर्य येण्याच्या पंचवीस मिनिटे आधीच फलाटास लागणार. छापणाराची चूक नाही, गाडीची दिरंगाई नाही, उतारूचाही प्रमाद नाही. तरी शेतातून सूर्य पाहून निघालेल्या कुणब्याची गाडी चुकणार. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा हे अंतर कमी न होता तेहतीस-चौतीस मिनिटांवर गेले, आणि मुंबईच्या म्युनिसिपालिटीने तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे आपली 39 मिनिटे मागची वेळ सोडली नाही. मुंबईकरांचा तो हट्ट स्वाभिमानाचा होता, हे मला मान्य आहे. पण त्याची किंमत ज्याच्याजवळ स्वतःचे घड्याळ नाही अशा परगावच्या उतारूने मोजली, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरी अडचण मध्यरात्रीची, आणि ती आजतागायत मिटलेली नाही. पंचांगाचा वार सूर्योदयाबरोबर बदलतो, रेल्वेचा रात्री बारा वाजता. रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी येणारी शनिवारची गाडी धरण्यास शुक्रवारी रात्री जेवून निघावे लागते. ज्याच्या मनात शुक्रवारची रात्र दुसऱ्या दिवशीच्या उजाडण्यापर्यंत शुक्रवारचीच आहे, तो मनुष्य चोवीस तास उशिरा येऊन उभा राहतो.

या साऱ्यावर एकच इलाज प्रभावी ठरला, तो म्हणजे स्थानकावरचा मनुष्य. रोज सोळा वाजता तारेने प्रमाणवेळ येई आणि तिच्याबरहुकूम स्थानकाचे घड्याळ लावले जाई. कसबे सुकेण्याहून किंवा उगावहून गाडी सुटल्याची वर्दी यंत्रावर येई, तिची नोंद वहीत होई. आणि गाडीस विलंब असल्यास काळ्या फळ्यावर खडूने तो लिहिला जाई. या फळ्यावर चुका होत नसत असे मुळीच नाही. अर्धा तास लिहावे आणि दीड तास लागावा, हे नित्याचेच होते. परंतु त्या चुकीचे आयुष्य फार अल्प असे, कारण लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये एका खिडकीचे अंतर होते. ताटकळलेला उतारू खिडकीशी जाऊन खुलासा मागे आणि मास्तरास जाबसाल देणे भाग पडे, मग फळा पुसला जाई. छापील वेळापत्रकास हा गुण नव्हता. मुदत संपलेला तक्ता दुकानाच्या भिंतीवर लटकतच राही. पुढे 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली आणि तालुक्यातालुक्यांतून बसस्थानके झाली, तेव्हा रोगणाने रंगविलेल्या पाट्या आल्या. आणि रोगण पुसता येत नाही, पुन्हा रंगवावे लागते, त्यास मंजुरी लागते, यास्तव बंद झालेली फेरी पाटीवर चालूच राहण्याचा संभव वाढला.

येथवरची कथा कागद, खडू आणि रोगण यांची. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मजकूर दाखविण्याची जी सेवा टेलिटेक्स्ट म्हणून प्रसिद्ध झाली, तिने या कथेत एक निराळीच चूक आणली. इंग्लंडात बी. बी. सी.ने 'सीफॅक्स' या नावाने ती 23 सप्टेंबर 1974 रोजी सुरू केली. दूरदर्शनने 'इन्टेक्स्ट' नावाने दिल्लीत 14 नोव्हेंबर 1985 रोजी. कल्पना खचित सुंदर होती. चित्राच्या 625 रेषांपैकी ज्या पडद्यावर दिसतच नाहीत, त्यांतल्या काही रेषांमधून अक्षरांचे संकेत पाठवायचे. चोवीस ओळी व ओळीत चाळीस अक्षरे अशी एकेक पृष्ठे रहाटाच्या पोहऱ्यांसारखी फिरत ठेवायची. आणि ज्याच्या संचात ती वाचण्याची सोय आहे त्याने पृष्ठाचा क्रमांक दाबून ते पृष्ठ फिरून येईपर्यंत थांबायचे. बातम्या, हवामान, विमानांच्या व गाड्यांच्या वेळा घरबसल्या मिळू लागल्या.

या पृष्ठांवरील चुका दोन जातींच्या होत. पहिली लहरींची. प्रत्येक अक्षराबरोबर एक तपासणीचा अंश जाई आणि संकेतातील एक अंश बिघडला तर संच ते अक्षर नाकारी. पण दोन अंश एकाच वेळी बिघडले तर तपासणी फसे, आणि शून्याचे तीन होणे अशाच दोन अंशांचे काम आहे. प्रक्षेपण क्षीण असेल तेथे 10.00 ची गाडी 10.30 ची दिसणे अशक्य नव्हते. तरी ही चूक क्षम्यच, कारण पृष्ठ पुन्हा फिरून येई आणि बहुधा आपोआप दुरुस्त होई.

दुसरी जात मला अधिक गंभीर वाटते. पृष्ठाच्या शिरोभागी दिनांक आणि सेकंदासेकंदाने पुढे सरकणारे घड्याळ असे. ते प्रक्षेपणकेंद्र स्वयंचलितपणे पाठवी. खालचा वेळांचा मजकूर मात्र कोणा कारकुनाने कधीतरी भरलेला असे, आणि वेळापत्रक बदलल्यावर तो बदलण्याची जबाबदारी रेल्वे, बसकंपनी व दूरचित्रवाणी यांच्यापैकी नेमकी कोणाची, हे प्रेक्षकास कळण्याचा मार्ग नसे. प्रेक्षक घटत गेले तसतशी अशी सेवा सांभाळणारी माणसेही घटणारच. परिणामी वर्षापूर्वीच्या वेळेवर आजचे चालते घड्याळ विराजमान होई, आणि वाचणारा त्या घड्याळाच्या साक्षीने खालची वेळही आजचीच मानी. भिंतीवरचा पिवळा पडलेला तक्ता आपले वय निदान चेहऱ्यावर दाखवितो. पडद्यावरचे अक्षर कधी पिवळे पडत नाही. 23 ऑक्टोबर 2012 रोजी सीफॅक्स बंद झाले. जर्मनीत व स्वीडनमध्ये अशा सेवा त्यानंतरही चालू राहिल्या.

निफाडच्या उतारूस आज गाडीची खबर हातातील फोनवर मिळते, आणि ती पुष्कळदा बिनचूक असते, कारण गाडी स्थानकावरून गेल्याची नोंद आता थेट यंत्रणेत होते. पण सर्वच माहिती तशी जिवंत नसते. मार्च 2020 मध्ये उतारूंच्या गाड्या थांबल्या आणि पुढे टप्प्याटप्प्याने, अनेक गाड्या बदललेल्या क्रमांकांनी व वेळांनी, सुरू झाल्या. अशा वेळी कोणी पूर्वी उतरवून ठेवलेले वेळापत्रक पडद्यावर नव्याइतकेच टवटवीत दिसते, आणि द्राक्षाच्या बागेतून मजुरी करून परतणाऱ्या बाईस त्यातले जुने कोणते हे ओळखण्याचे साधन नसते. म्हणून माझी मागणी साधी आहे: स्थानकाची पाटी असो वा फोनवरचे पृष्ठ, वेळेच्या प्रत्येक तक्त्याखाली तो कोणत्या तारखेस रुजू पाहिला आणि कोणत्या कचेरीने पाहिला, हे वेळेइतक्याच ठळक अक्षरांत लिहिले जावे, आणि ती तारीख यंत्राने घालू नये, मजकूर तपासणाऱ्याने तपासल्यानंतर स्वतः घालावी.