पाच नायरा, पासष्ट नायरा, हजार नायरा

नायजेरियात लागोसच्या इकेजा भागातल्या एका कारखान्याचे हिशेब मी बघत असे. तिथला आमचा म्हातारा ड्रायव्हर देशाचा इतिहास पेट्रोलच्या भावावर सांगायचा. लष्करशहा बाबांगिदाच्या राजवटीत पेट्रोल कोबोत, म्हणजे नायराच्या पैशांत, मिळायचं. १९९३ मध्ये हंगामी सरकारचे शोनेकान आले आणि लिटर एकदम पाच नायरांवर गेलं. त्यांच्यानंतरच्या लष्करशहा आबाचांनी लोकांना खूश करायला ते सव्वातीनवर उतरवलं आणि वर्षभरात अकरावर चढवलं. निवडणुकांची वर्षं त्याला नीट आठवत नसत.

१९५६ मध्ये देशात ओलोइबिरी या गावी तेल लागलं. पुढे पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुना इथे सरकारी रिफायनऱ्या आल्या, पण त्या देखभालीअभावी बंद पडत गेल्या. म्हणजे कच्चं तेल जहाजानं बाहेर जायचं, पेट्रोल जहाजानं आत यायचं आणि मधला फरक सरकार अनुदान म्हणून भरायचं. डिझेलवरचं नियंत्रण आधीच उठलं होतं, त्यासाठी कुणी रस्त्यावर उतरलं नाही. डिझेल कारखान्यांचं, पेट्रोल मात्र पिवळ्या डान्फो बसचं, ओकाडा या मोटरसायकल टॅक्सीचं आणि घराघरातल्या चिमुकल्या जनरेटरचं. वीज नाही, पाणी नाही, दवाखान्यात औषध नाही. तेलाच्या पैशातून सामान्य माणसाच्या हाती पडायचं ते एवढं स्वस्त पेट्रोलच.

१ जानेवारी २०१२ ला गुडलक जोनाथन यांच्या सरकारनं अनुदान उठवून लिटरचा ६५ नायरांचा भाव एका फटक्यात १४१ वर नेला. नाताळाला गावी गेलेली माणसं परतीच्या भाड्यातच अडकली. ९ तारखेपासून देशव्यापी संप झाला, आणि आठवड्याभरानं भाव ९७ वर आला.

त्यानंतर संसदेच्या एका समितीनं अनुदानातला घोटाळा उघड केला. न आलेल्या जहाजांचेही पैसे उचलले गेले होते. समितीचे अध्यक्ष फारूक लवान. पुढे त्यांनाच एका तेल व्यापाऱ्याकडून पाच लाख डॉलर लाच घेतल्याबद्दल शिक्षा झाली! अनुदान उठवा म्हणणाऱ्या अर्थतज्ज्ञांचं गणित मला कधीच चुकीचं वाटलं नाही. स्वस्त पेट्रोल रातोरात शेजारच्या बेनिनमध्ये पळवलं जायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वाचलेला पैसा ज्यांच्या हाती जाणार, ती माणसं तीच होती, आणि लोकांचा राग तिथे होता.

२९ मे २०२३ ला नवे राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी शपथविधीच्या भाषणातच अनुदान संपल्याचं जाहीर केलं. काही तासांत पंपांवर रांगा लागल्या, दोन दिवसांत भाव १८५ वरून पाचशेच्या आसपास गेला, आणि सीमेपलीकडे बाटल्यांतून पेट्रोल विकणाऱ्यांचाही धंदा बसला. जूनमध्ये नायराही बाजारावर सोडला. पेट्रोल आयातीचं, म्हणून डॉलर महागला की पंपावरचा भावही वर. त्याची झळ थेट महाराष्ट्रापर्यंत पोचली: लागोसच्या रस्त्यांवरच्या केके रिक्षा आणि बॉक्सर मोटरसायकली बजाजच्या, आणि नायरा कोसळल्यावर कंपनीची तिथली निर्यात घसरली.

सप्टेंबर २०२४ मध्ये उद्योगपती डांगोटेंच्या नव्या खासगी रिफायनरीतून पेट्रोल बाहेर पडलं. रोज साडेसहा लाख पिंपं शुद्ध करण्याची तिची क्षमता. तरी ऑक्टोबरमध्ये लागोसला लिटरचा भाव हजाराला टेकला.

हिशेबनीसाची खोड म्हणून एक भागाकार केला. अनुदान उठलं तेव्हा किमान वेतन ३०,००० नायरा होतं, त्यात १६२ लिटर पेट्रोल यायचं. २०२४ मध्ये वेतन ७०,००० झालं. त्या ऑक्टोबरात त्यात सत्तर लिटर येत होतं.