न मागितलेलं कार्ड: फ्रेस्नो 1958 पासून आपल्या ओटीपीपर्यंत

फेलोशिप सुरू झाली, खात्यात दरमहा रक्कम जमा व्हायला लागली, की बँकांचे फोनही सुरू होतात. "तुमचं क्रेडिट कार्ड मंजूर झालंय!" तुम्ही काहीच मागितलेलं नसतं, तरी 'नको' म्हणण्याचं काम तुमच्याच गळ्यात पडतं. हे काम ग्राहकाकडे कसं आलं? उत्तर शोधायला 1958 सालच्या कॅलिफोर्नियात जावं लागतं.

फ्रेस्नोचा प्रयोग

18 सप्टेंबर 1958 रोजी बँक ऑफ अमेरिकेने फ्रेस्नो शहरातल्या सुमारे 60,000 लोकांना टपालाने कार्डं पाठवली. सोबत भरायचा अर्ज वगैरे काही नव्हता. हातात पडल्या क्षणी वापरता येतील अशी चालू कार्डं होती ती.

न विचारता का पाठवली? बँकेपुढे एक पेच होता. गिऱ्हाइकांकडे कार्ड नसेल तर दुकानदार ते कशाला स्वीकारेल? आणि दुकानं स्वीकारत नसतील तर गिऱ्हाईक कार्ड कशाला मागेल? एका दिवसात अख्ख्या शहराच्या हातात कार्ड दिलं की पेच सुटतो. फ्रेस्नोतल्या साधारण 45 टक्के कुटुंबांचा या बँकेशी आधीच व्यवहार होता, शिवाय प्रयोग फसला तरी फार गाजावाजा होणार नाही एवढं ते शहर बाजूला होतं.

मग बँकेने वेग वाढवला. सव्वा वर्षाच्या आत कॅलिफोर्नियात सुमारे 20 लाख कार्डं वाटली गेली. योजनेचे प्रमुख जोसेफ विल्यम्स यांचा अंदाज होता की 4 टक्के खाती थकतील. प्रत्यक्षात थकली 22 टक्के. चोरीच्या कार्डांवर खरेदी झाली ती वेगळीच. अधिकृत तोटा 88 लाख डॉलर सांगितला गेला. जाहिरात आणि इतर खर्च धरला तर तो 2 कोटींच्या आसपास जातो. विल्यम्स 1959 च्या अखेरीस बँकेतून बाहेर पडले. योजना मात्र टिकली, पुढे फायद्यात आली आणि 1976 साली तिचं नाव 'व्हिसा' झालं.

4 आणि 22 यांच्या मधली जागा

इथे जरा थांबा, कारण संशोधकाचं काम इथेच सुरू होतं. "लोक बेजबाबदार निघाले" हा निष्कर्ष पटकन सुचतो. पण 22 टक्के हा आकडा खात्यांचा आहे. बिल थकलं एवढंच तो सांगतो, का थकलं ते सांगत नाही. शिवाय स्वतः बँकेत येऊन, कागदपत्रं देऊन कर्ज मागणारा माणूस आणि ज्याच्या पेटीत कार्ड आपोआप येऊन पडलं तो माणूस, हे दोन वेगळे गट आहेत. पहिल्या गटाच्या वागणुकीवरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. आपण सायन्सवाले याला नमुना निवडीतला दोष म्हणतो. तुमच्या प्रश्नावलीला उत्तरं देणारे आणि न देणारे यांच्यातही हाच फरक असतो, हे लक्षात ठेवा.

कायदा येतो, टपाल थांबत नाही

फ्रेस्नोपासून धडा घेण्याऐवजी 1966 मध्ये शिकागोच्या बँकांनी तोच खेळ मोठ्या प्रमाणावर केला. लाखो कार्डं टपालात पडली. एकेका घरी अनेक आली, लहान मुलांच्या नावाने आली, वाटेत चोरीलाही गेली. ज्याने कार्ड पाहिलंही नव्हतं त्याच्या नावावर बिल येऊ शकत होतं.

शेवटी 26 ऑक्टोबर 1970 च्या अमेरिकी कायद्याने मागणीशिवाय नवं कार्ड पाठवायला बंदी घातली आणि कार्डाच्या गैरवापराबद्दल ग्राहकाची जबाबदारी 50 डॉलरवर मर्यादित केली.

गंमत म्हणजे, त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागाने लोकांच्या पतविषयक नोंदींचं नियमन सुरू केलं. पुढे या नोंदी चाळूनच बँका 'तुमची निवड झाली आहे' अशी पत्रं पाठवू लागल्या. कार्ड पाठवायला बंदी, पण कार्डाचं आमंत्रण चालतं! 1996 च्या दुरुस्तीने अशा यादीतून नाव काढून घेण्याचा हक्क स्पष्ट केला. मात्र 'नाव काढा' हे सांगायचं ग्राहकानेच. म्हणजे ओझं अर्धंच उतरलं.

आपल्याकडे काय?

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनी न मागता कार्ड देण्यावर स्पष्ट बंदी घातली. संमतीशिवाय कार्ड चालू करून बिल लावलं, तर बँकेने रक्कम माघारी घ्यायची, वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. कार्ड 30 दिवसांत चालू झालं नाही तर ते चालू करण्यासाठी ओटीपीने संमती घ्यायची. ती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत खातं विनाखर्च बंद करायचं. भरपाई ठरवताना लोकपालाने तक्रारदाराचा गेलेला वेळ आणि मनस्तापही मोजायचा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 1958 च्या हिशेबात या खर्चाला रकानाच नव्हता.

तेव्हा असं कार्ड आलंच तर ओटीपी कुणालाही सांगू नका. बँकेला ईमेलने लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. प्रचाराचे फोन आणि मेसेज थांबवायला 1909 वर नोंद करा. आणि आपल्या नावावर भलतंच खातं दिसत नाही ना, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये अधूनमधून तपासा.

संशोधनासाठी विषय शोधत असाल तर हाच प्रश्न घ्या: एखाद्या व्यवस्थेत गप्प बसण्याचा अर्थ 'हो' धरला जातो की 'नाही', आणि ते कोण ठरवतं? अवयवदान, विमा, ॲपच्या परवानग्या, कुठेही हा प्रश्न लावून बघा. तुमच्या स्वतःच्या सर्वेक्षणाच्या संमतीपत्रापासून सुरुवात केलीत तर उत्तमच.