जाझयुगीन नृत्यगृहाचे काष्ठचित्र : इतिहाससाधन म्हणून एक वाचन

पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकाला पाश्चात्त्य इतिहासलेखनात ‘जाझयुग’ ही संज्ञा रूढ आहे. या दशकावरील प्रकरणात नृत्यगृहाचे एखादे काष्ठचित्र छापायचे आणि त्याखाली आनंदोत्सवाचे दोन शब्द लिहायचे, ही सवय सोयीची असली तरी साधनचिकित्सेच्या दृष्टीने सदोष आहे. फ्रान्स मासरेल (१८८९-१९७२) या बेल्जियन चित्रकाराच्या ‘शहर’ (१९२५) या ग्रंथाच्या आधारे हा दोष तपासणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

‘शहर’मध्ये १०० चित्रे आहेत, मजकूर मुळीच नाही. नाचणारी गर्दी ज्या पृष्ठमालेत येते, त्याच मालेत कारखाने, दारिद्र्य, वेश्यावस्ती, मोर्चे आणि मृत्यूही येतात. मासरेल युद्धविरोधी होता. युद्धकाळात जिनिव्हाच्या ‘ला फेय’ या वृत्तपत्रासाठी तो चित्रे काढीत असे. अशा चित्रकाराच्या मालेतून नृत्याचे एकच पान फाडून घेणे म्हणजे साक्षीदाराचे अर्धे वाक्य नोंदविणे होय.

माध्यमाचाही विचार आवश्यक आहे. लाकडाचा कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा उमटतो, उरलेला भाग शाई घेतो. दिव्यांचा झगमगाट अशा रीतीने काळोखातूनच खोदून काढावा लागतो. रात्रीच्या शहराला हे तंत्र विलक्षण मानवते. परंतु सावली आणि कृष्णवर्णीय वादकाची त्वचा दोन्ही एकाच शाईने छापली जातात. जाझ हे आफ्रो-अमेरिकनांचे संगीत असल्याने ही बाब गौण नाही. केवळ काळ्या रंगावरून आकृतीचा वंश ठरविणे धोक्याचे ठरते.

कालक्रमाचे भान तर सुटतेच. जर्मनीत युद्धकाळातील सार्वजनिक नृत्यबंदी १९१८ च्या अखेरीस उठली आणि नृत्यगृहे ओसंडून वाहू लागली. याउलट ‘चार्ल्सटन’ १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘रनिंग वाइल्ड’मधून गाजला, जोसेफिन बेकर पॅरिसच्या रंगमंचावर आली ती ऑक्टोबर १९२५ मध्ये. तेव्हा त्याच वर्षीच्या युरोपीय चित्राला ‘चार्ल्सटन’ हे नाव देण्यापूर्वी जोडपी एकमेकांना बिलगून नाचतात की सुटी, एवढे तरी पाहावे. फॉक्सट्रॉट व टँगो मिठीतले. चार्ल्सटनमध्ये मात्र गुडघे आणि पावले मोकळी उडतात.