कोडंबाक्कमची कॅसेट, धानाच्या देशात

डिसेंबर १९९४. सकाळचे दहा वाजलेत, तरी भंडाऱ्याच्या बसस्थानकावर कुणाच्या अंगावरची शाल उतरलेली नाही. तुम्ही साकोलीकडून आलेल्या लाल एसटीतून उतरता. भोवती पोती, गाठोडी आणि गाडीच्या टपावरून खाली घेतली जाणारी एक सायकल. खिशातला मोबाइल इथे कामाचा नाही, तो आत ठेवा. गोंदिया अजून याच जिल्ह्यात आहे. तो वेगळा व्हायला १ मे १९९९ उजाडायचा आहे. शिवारात धान कापून झालं आहे, पुंजणे रचले आहेत आणि चुरणे सुरू आहेत. म्हणजे लोकांच्या हातात थोडा पैसा आहे, आणि आता रात्री नाटकांच्या आहेत.

बाजाराकडे चालू लागा. पितळी भांड्यांच्या दुकानांपुढून जाताना हंडे, गुंड, परातींवर ऊन चमकतं. धिवर बायका टोपल्यांत उकडलेले शिंगाडे घेऊन बसल्या आहेत. इथल्या तलावांचं हे हिवाळ्यातलं पीक. एक वाटा घ्या. सोलता सोलताच तुमच्या कानावर एक गाणं पडेल, कारण या महिन्यात ते पानठेल्यावर आहे, सलूनमध्ये आहे आणि राष्ट्रीय महामार्ग ६ वरून रायपूरकडे निघालेल्या ट्रकच्या केबिनमध्येही आहे.

आवाजाच्या मागे गेलात की कॅसेटचं दुकान येतं. दोन माणसं उभी राहिली की ते भरतं. काचेच्या कपाटात कॅसेटी, मागे फळीवर डबल डेक, भिंतीला नव्या चित्रपटांची हाताने लिहिलेली यादी.

“कोनती पाह्यजे, भाऊ?”

“रोजा.”

“ओरिजिनल संपली जी. भरून देतो ना. साठची का नव्वदची?”

तुम्ही साठची सांगता. कॅसेट बसवण्याआधी तो एका काडीला कापूस गुंडाळतो, स्पिरिटमध्ये बुडवतो आणि डेकचं हेड हळूच पुसतो. वाकून बघा. पांढऱ्या कापसावर तपकिरी डाग उमटला आहे. ती टेपवरची लोहाच्या ऑक्साइडची भुकटी. मद्रासमध्ये कुणी घेतलेला श्वास, कुणी छेडलेली तार, कोरसमधला एकेक आवाज या भुकटीत चुंबकाने लिहिलेला असतो. दर वेळी वाजताना ती थोडी झिजते. दुकानदाराला हे शास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण घाणेरड्या हेडवर नवी टेप चालवायची नाही हे तो जाणतो. गाण्याची काळजी घेण्याची ही त्याची रीत.

आता तो चाचणीसाठी टेप लावतो. इकडचं तिकडचं बोलणं थांबवून ऐका. खाली खर्जात एक ठेका चालतो आहे, गिटारच्या जाड तारेसारखा, आणि त्याच्यावर भरपूर मोकळी जागा सोडलेली आहे. त्या मोकळ्या जागेत मिनमिनी या गायिकेचा कोवळा आवाज येतो. शंभर व्हायोलिनांची गर्दी नाही, तबला-ढोलकीचा नेहमीचा भरणा नाही. मधल्या संगीतात पुरुषांच्या आवाजांची हाक येते आणि विरते. १९९४ सालच्या कानांना हे नवं आहे. दुकानापुढे उभे असलेले पोट्टे ‘आवाज कसा साफ आहे बे’ म्हणतात, आणि त्यांचं निदान अचूक आहे. या संगीतातलं नवेपण चालीत आहे तितकंच ते ध्वनिमुद्रणात आहे.

ते कुठून आलं हे बघायला दोन वर्षं मागे चला.

१९९२, मद्रास, कोडंबाक्कम. रात्र बरीच झाली आहे. घराला लागून बांधलेला एक छोटा स्टुडिओ, नाव पंचतन रेकॉर्ड इन. आत पंचविशीतला एक मुलगा सिंथेसायझर आणि संगणकापुढे बसला आहे. त्याचे वडील आर. के. शेखर मल्याळम चित्रपटांचे संगीतकार होते. १९७६ मध्ये ते गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. पुढे शाळकरी वयातच तो दुसऱ्यांच्या वाद्यवृंदांत कीबोर्ड वाजवू लागला, मग जाहिरातींच्या जिंगल्स केल्या. त्या जाहिरातींमुळेच दिग्दर्शक मणिरत्नम यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं, आणि के. बालचंदर यांच्या कवितालया संस्थेच्या ‘रोजा’ या चित्रपटाचं काम त्याला मिळालं. ए. आर. रहमान या नावाने त्याचा तमिळमधला हा पहिला चित्रपट.

त्याचं काम बघा. त्या काळी चित्रपटाचं गाणं म्हणजे मोठा हॉल, समोर चाळीस-पन्नास वादक, आणि सगळ्यांनी एकदम वाजवायचं. इथे तसं नाही. तो एक ठेका रचतो, त्यावर दुसरा थर चढवतो, मग बासरी, मग आवाज; प्रत्येक थर वेगळा नोंदवतो आणि पुन्हा पुन्हा ऐकून जागेवर बसवतो. एखादा थर काढून टाकायलाही तो मागेपुढे पाहत नाही. कवी वैरमुत्तूंनी लिहिलेली गाणी या थरांवर चढतात. एस. पी. बालसुब्रह्मण्यम, सुजाता, चित्रा, हरिहरन, उन्नी मेनन येऊन गाऊन जातात. १५ ऑगस्ट १९९२ ला ‘रोजा’ प्रदर्शित होतो, आणि पहिल्याच चित्रपटासाठी रहमान यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. वैरमुत्तूंनाही मिनमिनीने गायलेल्या ‘चिन्न चिन्न आसै’साठी गीतलेखनाचा.

परत भंडाऱ्याला या. तुमच्या हातातली कॅसेट हिंदीतली आहे. पी. के. मिश्रा यांनी पडद्यावरच्या ओठांना आणि आधीच ठरलेल्या चालीला जुळतील असे शब्द लिहिले आहेत. मिनमिनीच इथेही गाते, बालसुब्रह्मण्यमच इथेही गातात. त्यांच्या हिंदी उच्चारांत दक्षिण ऐकू येते आणि इथे कुणाला ती खटकत नाही. भंडारा, रायपूर, बालाघाटच्या मधल्या या मुलखात हिंदी-मराठीची सरमिसळ रोजची आहे.

पण हरिहरन यांचं गाणं लागलं की कान द्या. मूळ तमिळमध्ये ते तमिळ माणसाला हाक मारून सुरू होतं, तमिळ असणं आणि भारतीय असणं एकत्र कसं नांदतं ते त्याला सांगतं. हिंदीत ती हाक उरली नाही; तिथे थेट देशावरच्या प्रेमाचं गाणं आलं, आणि पुढे शाळाशाळांच्या पंधरा ऑगस्टला तेच वाजलं. म्हणून ‘संगीताला भाषा नसते’ हे वाक्य मला पटत नाही. भाषा असते आणि ती बदलली की अर्थही सरकतो. भंडाऱ्यापर्यंत न सरकता पोचला तो ध्वनी.

मूळ गाणं ऐकायचं असेल तर लाखनीजवळ गडेगावला जा. तिथे मद्रासच्या अशोक लेलँड कंपनीचा कारखाना आहे, १९८२ पासून. इकडे जवाहरनगरला आयुध निर्माणी, १९६४ पासून. अशा कारखान्यांमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसं धानाच्या या जिल्ह्यात नांदायला आली. समजा, एका घराच्या उघड्या खिडकीतून मिनमिनीचं तेच गाणं तमिळमध्ये येतं आहे. थांबा. चाल तुम्हाला पाठ आहे, शब्द एकही कळत नाही. तरी वैरमुत्तूंची लहान लहान, टपटप पडणारी अक्षरं त्या ठेक्यावर किती चपखल बसतात हे जाणवतं, कारण ती त्याच ठेक्यासाठी लिहिलेली आहेत.

आत टीव्हीवर व्हिडिओ कॅसेट चालू असेल तर पडदाही बघा. चित्रपटातलं गाव तिरुनेलवेलीकडचं आहे. पाण्याने भरलेली भातखाचरं, बांधावरून पळणारी मुलगी, नव्या जोडप्याच्या रात्री फेर धरून नाचणाऱ्या म्हाताऱ्या. दाराशी उभ्या असलेल्या गावातल्या बाईला हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. तिच्याकडेही बांध्या आहेत, आषाढात चिखलात वाकून परे रोवणं आहे, हळदीला नाचणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. तमिळ मुलखात भात तळ्यांच्या पाण्यावर पिकतं, तसंच इथेही. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर हा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या जेवला आहे. दोन्हीकडचं पाणी आणि पीक एकच असल्यामुळे ते गाणं या बाईला परकं वाटत नाही.

रात्र झाली. लाखांदूरच्या पुढे एका गावात दिवसा शंकरपट झाला, बैलजोड्या धावल्या, आणि आता नाटक आहे. लेकी माहेरी आल्या आहेत, प्रत्येक घरी पाहुणे आहेत. मंडपाच्या खांबावर भोंगा बांधला आहे, आणि लोक जमावेत म्हणून त्यावर तीच कॅसेट लावली आहे. ऐका, काहीतरी हरवलं आहे. रहमान यांनी रात्र रात्र बसून घडवलेला तो खर्ज भोंग्यातून येतच नाही. पत्र्याचा कर्णा खालचे सूर पेलू शकत नाही. उरलाय फक्त मुलीचा आवाज आणि चाल. तेवढ्यावरही गाणं उभं राहतं, धुक्यातून दोन शिवारं ओलांडून जातं. चाल किती पक्की आहे याची याहून कडक परीक्षा नाही.

मग भोंगा बंद होतो. पडद्यापुढे ऑर्गनवाला बसतो, शेजारी तबला. नांदी होते. आता जे ऐकाल ते कुठल्याही कॅसेटवर नाही. झाडीपट्टीचा नट बोलता बोलता गाऊ लागतो, ऑर्गनवाला त्याच्या श्वासाबरोबर सूर लांबवतो, लोक ‘वन्स मोअर’ देतात आणि दुसऱ्या वेळी तीच ओळ वेगळी येते. थंडीत गोधड्या पांघरून बायका पहाटेपर्यंत बसतात, डोळे पुसतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत हिवाळाभर हेच चालतं. याच मातीत दंडार आहे, खडी गंमत आहे. या सगळ्याला स्वतःचं संगीत आहे, स्वतःचे गायक आहेत.

त्या मंडपात तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी कुणाकडेच नाही: पुढचं तुम्हाला माहीत आहे. ‘रोजा’चा संगीतकार २००९ मध्ये दोन ऑस्कर घेईल. २००५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिक जगातल्या दहा उत्तम चित्रपट-संगीतांत ‘रोजा’ला बसवेल. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळायला मात्र २०२३ साल उजाडेल. आणि आज रात्री समोर वाजणाऱ्या ऑर्गनचा एकही सूर तुमच्या काळापर्यंत पोचणार नाही, कारण इथे कुणी टेप लावलेली नाही.

दोन्ही संगीतांत कस आहे. एक टिकलं ते त्याच्यापाशी कस होता म्हणून, आणि कुणीतरी प्रत्येक थर जिवापाड जपून नोंदवला म्हणूनही. दुसऱ्याला कस असूनही नोंद मिळाली नाही. कोडंबाक्कमचा स्टुडिओ एका घराला लागून होता, एका कर्त्या मुलाने उभा केलेला. नोंदवण्याची आस्था हवी, मग जागा छोटी असली तरी चालते, हे त्याने तेव्हाच दाखवून दिलं.

आता तुमच्या काळात या आणि तो मोबाइल बाहेर काढा. त्यात त्या डबल डेकपेक्षा कितीतरी चांगलं ध्वनिमुद्रण होतं. ‘रोजा’ मूळ तमिळमध्ये एकदा, चांगल्या हेडफोनवर, खर्जासकट ऐका. आणि या हिवाळ्यात नाटकाला जाल तेव्हा कलावंतांची परवानगी घेऊन मंचाजवळ बसा, गाणी पूर्ण नोंदवा. सोबत गावाचं नाव, तारीख, नाटकाचं नाव लिहा. गायकाचं, ऑर्गनवाल्याचं, तबलजीचं नाव विचारून लिहा. घरात एखादी म्हातारी रोवणीची गाणी म्हणत असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा. गावच्या वाचनालयात, शाळेत, महाविद्यालयाच्या मराठी विभागात त्याची एक प्रत ठेवा. हे काम मोठ्या संस्थेची वाट बघत राहिलं, तर होणार नाही. ते तुम्हीच करायचं आहे, आणि या हंगामातच.