शिक्षकच बुलिंग करत असतील तर? शिस्त कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो?

अंजूर हे भिवंडी तालुक्यातलं गाव. तालुक्याच्या एका बाजूला शहापूर, दुसऱ्या बाजूला वसई. २०२५ मध्ये शेजारच्या या दोन्ही तालुक्यांतल्या शाळा बातम्यांमध्ये आल्या.

जुलैमध्ये शहापूरच्या एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. कोणाला पाळी आली आहे हे शोधण्यासाठी मुलींना कपडे उतरवायला लावल्याचा आरोप झाला. पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. नोव्हेंबरमध्ये वसईत सहावीतल्या एका मुलीला उशिरा आली म्हणून १०० उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. त्यानंतर तिची तब्येत बिघडली आणि १४ नोव्हेंबरला, बालदिनीच, तिचा मृत्यू झाला. शिक्षिकेला अटक झाली.

चारच दिवसांनी दिल्लीत दहावीतल्या एका मुलाने आत्महत्या केली. त्याचं कुटुंब मूळचं सांगली जिल्ह्यातलं. चिठ्ठीत त्याने शिक्षकांच्या वागण्याकडे बोट दाखवलं होतं. कुटुंबाचा मुख्य आरोप होता तो वारंवार अपमान केल्याचा आणि शाळेतून काढून टाकण्याची धमकी दिल्याचा. शाळेने मुख्याध्यापिकेसह चौघांना निलंबित केलं.

उठाबशा दिसतात, वळ दिसतात. अपमान दिसत नाही. म्हणूनच तो 'शिस्त' या नावाखाली खपून जातो.

ओरडणं आणि बुलिंग यात फरक काय?

शिक्षक कधीतरी चिडतात, ओरडतात. प्रत्येक वेळी ते बुलिंग नसतं. पण तीन गोष्टी एकत्र आल्या की सावध व्हायला हवं: तेच मूल पुन्हा पुन्हा लक्ष्य होतं, सगळ्या वर्गासमोर होतं आणि त्या मुलाला उलट बोलण्याची सोय नसते.

सोपी कसोटी अशी. "गृहपाठ का झाला नाही?" हा प्रश्न चुकीबद्दल आहे. "तुझ्याकडून काही होणार नाही" हे वाक्य मुलाबद्दल आहे. टोपणनाव पाडणं, फी थकली म्हणून उभं करणं, रंग, जात, वजन किंवा आईवडिलांच्या कामावरून बोलणं, मार्क वाचताना वर्गाला हसवणं, हे सगळं दुसऱ्या प्रकारात येतं.

हे किती सर्रास आहे?

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये ७ राज्यांतल्या ६,६३२ मुलांचा अभ्यास केला. आपल्याला कोणतीच शिक्षा झाली नाही, असं सांगणारी मुलं होती फक्त ९. साधारण ८१ टक्के मुलांना 'तुला शिकणं जमणार नाही' अशा अर्थाचं ऐकवलं गेलं होतं.

शिक्षक असं का वागतात?

मोठे वर्ग, निकालाचा दबाव आणि शिकवण्यापलीकडची कामं ही कारणं आहेतच. पण अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आणखी एक धागा दिसला. ज्या शिक्षकांना लहानपणी स्वतःला बुलिंग सहन करावं लागलं होतं, ते पुढे विद्यार्थ्यांशी तसं वागण्याची शक्यता जास्त होती. "आम्हीही मार खाऊनच शिकलो" हे वाक्य आपल्याकडेही नवं नाही.

मुलांवर काय परिणाम होतो?

सुरुवात अनेकदा शरीरापासून होते. रविवारी संध्याकाळी पोट दुखतं, सकाळी डोकं दुखतं, झोप लागत नाही. मग मूल वर्गात प्रश्न विचारणं थांबवतं. भीतीत असलेल्या डोक्याला आठवायला आणि विचार करायला जड जातं, त्यामुळे येत असलेलं गणितही फळ्यासमोर सुचत नाही. मार्क कमी होतात आणि शिक्षकांचंच म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटतं.

शिवाय वर्ग बघत असतो. सरांनी ज्याला 'ढ' म्हटलं, त्याला मधल्या सुट्टीत इतर मुलंही तेच म्हणतात.

हे शाळा सुटल्यावर संपत नाही. कॅनडात मुलांचा बालवाडीपासून तरुणपणापर्यंत मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, शिक्षकांकडून सतत बोलणी खाल्लेल्या मुलांमध्ये पुढेही वर्तनाच्या अडचणी जास्त आढळल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत वेगळं, गोणपाटावर बसावं लागे. देशविदेशातल्या पदव्या मिळवल्यानंतर, चाळिशीत त्यांनी ती आठवण लिहून ठेवली.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. उल्लंघन करणाऱ्यावर सेवा नियमांनुसार कारवाई होते. म्हणजे 'हात तर नाही ना लावला' हा बचाव पुरत नाही.

एक अडचण मात्र आहे. हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीतली बरीच मुलं त्याच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ आहे. ते १८ वर्षांखालच्या मुलांना लागू होतं आणि ताब्यातल्या मुलाला विनाकारण मानसिक किंवा शारीरिक त्रास देणं हा गुन्हा मानतं. त्यात ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

पालकांनी काय करावं?

- तारीख, वार, नेमके शब्द आणि तेव्हा वर्गात कोण होतं, हे लिहून ठेवा.
- मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघालाही कळवा.
- दाद मिळाली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीवर ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.
- तातडीची मदत हवी असेल तर चाइल्डलाइन १०९८. मूल खचलेलं वाटत असेल, जगण्याबद्दल निराशेचं बोलत असेल, तर टेलिमानस १४४१६. दोन्ही सेवा मोफत आणि २४ तास सुरू असतात.

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट. मूल शाळेतलं काही सांगू लागलं की घरातून पहिलं वाक्य बहुतेक वेळा येतं, "तूच काहीतरी केलं असशील." ते ऐकल्यावर मूल पुन्हा सांगत नाही. त्याऐवजी "काय झालं?" एवढं विचारा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा.